झोपलेली बॅटरी उठवावी का?

आलेलं पत्र :

दादा, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, घेऊन अडीच वर्षं झाली. मुलगा मे महिन्यात नोकरीसाठी पुण्याला गेला. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, म्हणून पावसाळ्याच्या आधीच गाडी राजारामपुरीत माझ्या भावाच्या घरी नेऊन लावली. लावताना चार्जिंग १५ टक्के होतं. कोण चालवणार आहे, म्हणून तसंच राहू दिलं. दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढली तर डिस्प्लेच लागेना. चार्जर जोडला तर त्याचा दिवा हिरवाच राहतो, चार्जिंग सुरू होत नाही. तिथल्या मेकॅनिकनं पेटी उघडून आत मीटर लावला, १९ व्होल्ट दाखवले. पेटीवर ४८ व्होल्ट, ३० एएच असं लिहिलंय. तो म्हणतो, "बीएमएस झोपलाय वहिनी. त्याला बाजूला ठेवून सरळ करंट देतो, बॅटरी उठतीय बघा." १,२०० रुपये घेणार आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडी बंद ठेवली ही तुमची चूक, वॉरंटी मिळणार नाही, नवीन बॅटरी ३७,००० रुपये. यांचं म्हणणं असं की बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरवलेली चांगलीच असते, त्यामुळे काही बिघडलेलं नसणार. दिवाळीला मुलगा येणार आहे. १,२०० रुपयांत काम होत असेल तर करून घेऊ का?
– एक ताई, शाहूपुरी

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. नका करू. आणि पुढचं वाचायच्या आधी त्या मेकॅनिकला एक फोन करा. पेटी आहे तशीच राहू दे, कुठल्याही चार्जरला लावू नको, एवढंच सांगा. पेटी भावाच्या घरात जिन्याखाली किंवा दाराजवळ ठेवली असेल, तर ती तिथून हलवून मोकळ्या जागी, सावलीत, फरशीवर ठेवायला सांगा. शेजारी लाकूड, पोती, गॅसची टाकी असं काही नको. सुटी झालेली वायरची टोकं असतील तर त्यांना वेगवेगळी चिकटपट्टी लावून घ्या. तेवढं झालं की निवांत बसून बाकीचं वाचा.

मेकॅनिक आणि दाजी, दोघंही तुमचे पैसे वाचवायलाच बघतायत. मीही उद्यमनगरात वीसेक वर्षं याच कामात आहे. बंद पडलेली वस्तू टाकून न देता चालू करून दाखवायची ही आपल्या गावाची सवय मला फार प्रिय आहे. इंजिन असो, मोटर असो, चरकाचा गिअर असो, आपला कारागीर ते उघडतो, घासतो, भरतो आणि पुन्हा फिरवतो. पण लिथियमच्या सेलला ही रीत लागू पडत नाही. तो एका मर्यादेच्या खाली रिकामा झाला की आत जे बिघडतं ते कुणालाही उघडून नीट करता येत नाही. वाईट म्हणजे ते बाहेरून दिसतही नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे ते १९ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या पेटीत बहुतेक वेळा सेलचे १३ गट एकापुढे एक जोडलेले असतात. एका गटाचे ३.७ धरले तर १३ गटांचे ४८.१ होतात, लेबलवरचा आकडा तिथून आलेला असतो. पूर्ण भरलेला गट ४.२ व्होल्टचा, म्हणजे भरलेली पेटी ५४.६ व्होल्टची. खालची मर्यादा गटामागे साधारण ३ व्होल्ट, म्हणजे ३९. तुमची पेटी १९ वर आहे. गटामागे सरासरी दीड व्होल्टसुद्धा भरत नाही. पेटी आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे लिथियमच्याच दुसऱ्या प्रकारच्या सेलची असली तर गट १५ किंवा १६ असतात, आणि मग हा हिशेब काही बरा येत नाही.

त्यातही सरासरीवर जाऊ नका. सगळे गट दीड-दीड व्होल्टवर सारखे उभे असतील असं कधी होत नाही. मी अशा पेट्या मोजल्यात. एक गट २.४, पुढचा २.१, मग १.९, आणि मध्येच एखादा ०.३. क्वचित मीटरवर उणे चिन्हसुद्धा येतं. म्हणजे त्या गटातलं सगळं संपल्यावरही शेजारच्या गटांनी त्याच्यातून करंट ओढत ठेवला आणि तो उलटा झाला. साखळीत एक कडी अशी असली तरी पुरे.

मेकॅनिकनं पेटी उघडून आत मोजलं हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळे मी इतक्या ठामपणे बोलू शकतोय. बाहेरच्या सॉकेटवर मोजून शून्य आलं असतं तर मी थांबा म्हटलं असतं. कारण बीएमएसनं, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या पेटीतल्या सर्किटनं, दार बंद केलं की बाहेर शून्यच दिसतं, आत सेल धडधाकट असले तरी.

हा बीएमएस झोपलाय असं सगळे म्हणतात. पण चार्जरचा हिरवा दिवा काय सांगतो ते बघा. हिरवा म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. हिरवा म्हणजे करंट जात नाही, एवढंच. पेटी भरल्यावरही जात नाही आणि बीएमएसनं वाट अडवली तरी जात नाही. बऱ्याच चांगल्या बीएमएसमध्ये अशी सोयच केलेली असते की एखादा गट ठरावीक व्होल्टच्या खाली गेलेला दिसला की चार्जिंगलाही परवानगी द्यायची नाही. तो दारात उभा राहून नको म्हणतोय. त्याला बाजूला सारून आत शिरायचं का, एवढाच खरा प्रश्न आहे.

गाडी नुसती उभी होती, मग बॅटरी गेली कुठे, असंही तुमच्या मनात आलं असेल. एएच म्हणजे अँपिअर-तास, पेटीत किती भार मावतो त्याचं माप. ३० एएचचे १५ टक्के म्हणजे साडेचार एएच. गाडी बंद असली तरी बीएमएस जागा असतो, डिस्प्लेचं घड्याळ असतं, मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दाखवणारा ट्रॅकर असतो. हे सगळे मिळून फक्त ३ मिलिअँपिअर घेतात असं धरू. हा आकडा चिल्लर वाटतो, पण २४ तास आणि ३० दिवस गुणले की महिन्याला २ एएचच्या थोडं वर जातो. सेल स्वतःहूनही महिन्याला दोनेक टक्के उतरतात, ते अर्धा-पाऊण एएच. म्हणजे साडेचार एएच दीड-पावणेदोन महिन्यांत संपले. जूनच्या सुरुवातीपासून मोजलं तर जुलैचा मध्य. त्यानंतर दसऱ्यापर्यंतचे अडीच-तीन महिने ती पेटी मर्यादेच्या खाली बसून होती. तळाशी गेल्यावर व्होल्टेज उताराला लागत नाही, कड्यावरून पडतं. उरलेल्या थेंबाथेंबावरही तो ३ मिलिअँपिअरचा हिशेब चालूच राहतो.

आपल्याकडे पावसाळ्यात रोजच्या पेपरात राधानगरी, काळम्मावाडीच्या साठ्याचे आकडे येतात. त्यात उपयुक्त साठा वेगळा आणि मृतसाठा वेगळा असतो. स्कूटरच्या डिस्प्लेवरचं शून्य म्हणजे उपयुक्त साठा संपला. त्याखाली सेलमध्ये थोडं शिल्लक असतं, तो मृतसाठा, आणि तो तसाच राहावा म्हणूनच मर्यादा ठेवलेली असते. फरक इतकाच की धरणाचा मृतसाठा उपसला म्हणून धरणाच्या भिंतीला काही होत नाही. सेलचा उपसला तर भिंतच विरघळायला लागते. हे मी शब्दशः म्हणतोय.

सेलच्या आत दोन लांब पट्ट्या एकमेकींवर ठेवून गुंडाळलेल्या असतात. एका पट्टीवर ग्रॅफाइटचा काळा लेप, आणि तो लेप धरून ठेवायला तांब्याचा वर्ख. दुसऱ्या पट्टीवर निकेल, मँगेनीज, कोबाल्ट वगैरेंच्या ऑक्साइडचा लेप, आणि खाली ॲल्युमिनियमचा वर्ख. दोघींच्या मध्ये बारीक छिद्रांचा प्लास्टिकचा पडदा, आणि सगळीकडे भिनलेलं इलेक्ट्रोलाइट. तांब्याचा वर्ख साधारण ८-१० मायक्रॉनचा, पडदा १०-२५ मायक्रॉनचा. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा.

चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये येऊन बसतं. गाडी चालवताना तिथून उठून पलीकडच्या पट्टीत जातं. ग्रॅफाइट लिथियमनं भरलेलं असतं तेव्हा त्याची विद्युत पातळी अगदी खाली असते, लिथियम धातूपेक्षा जेमतेम ०.१ व्होल्ट वर. त्या पातळीला तांब्याला काही होत नाही. ॲल्युमिनियम मात्र तिथे लिथियमशी मिसळून भुसभुशीत होतं, म्हणून तर या बाजूला महागडं तांबं वापरावं लागतं. (सोडियमच्या नव्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, त्यामुळे ते शून्य व्होल्टवरही ठेवता येतात. पण तुमच्या गाडीत ते नाहीत.) सेल रिकामा होत गेला की ग्रॅफाइटची पातळी वर चढत जाते, शेवटी एकदम चढते. आपण मीटरवर बघतो तो आकडा म्हणजे दोन पट्ट्यांच्या पातळीतला फरक. तो शून्याला टेकला याचा अर्थ ग्रॅफाइटची बाजू चढत चढत पलीकडच्या बाजूला येऊन मिळाली, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या आसपास पोचली. आणि तिथे तांबं विरघळू लागतं.

तुमच्या सासूबाईंच्या काळातली पितळी पातेली आठवून बघा. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते. हिरवट झाक येते, जीभ आवळून येते. भांड्यातलं तांबं सुटून ताकात उतरलेलं असतं. सेलमध्येही हेच होतं, आणि तिथेही आधी कल्हई जाते. ग्रॅफाइटवर एक अत्यंत पातळ रक्षक थर असतो. सेलच्या पहिल्याच चार्जिंगला कारखान्यात तो चढतो. तांत्रिक भाषेत त्याला एसईआय म्हणतात, मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना कल्हईच सांगतो. ग्रॅफाइटची पातळी नको तितकी वर गेली की हा थर फुटतो, त्यातून वायू सुटतो, पाऊचचा, म्हणजे मऊ पिशवीतला सेल असेल तर उशीसारखा फुगतो. पुन्हा चार्ज केलं की थर नव्यानं चढतो, पण त्यासाठी सेलमधलंच लिथियम आणि इलेक्ट्रोलाइट खर्ची पडतं. म्हणून असा सेल चालू झाला तरी पहिल्यासारखा टिकत नाही.

कल्हईनंतर तांब्याची पाळी. तांबं विरघळून इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. सेल रिकामा पडून आहे तोवर फार काही घडत नाही. खरं अरिष्ट पुढे येतं, आपण हौसेनं चार्जर लावतो तेव्हा. चार्जिंगला लागल्यावर ते तांबं पुन्हा धातू होऊन बसतं, पण जिथून सुटलं तिथे परत जात नाही. मिळेल तिथे बसतं, बारीक सुयांसारखं, शेवाळासारखं वाढतं, आणि त्या केसापेक्षा पातळ पडद्यात घुसतं. सुई पलीकडे टेकली की सेलच्या पोटातच शॉर्ट. सुरुवातीला तो इतका बारीक असतो की सेल फक्त थोडा कोमट लागतो आणि आपोआप उतरत राहतो. पुढे वाढला तर आतला सगळा भार त्याच वाटेनं मोकळा होतो. बीएमएसला हे थांबवता येत नाही, कारण तो बाहेरच्या तारांवर बसलाय आणि शॉर्ट आत आहे.

कळकलेलं ताक आपण ओतून देतो. उकळून पुन्हा प्यायला बघत नाही.

आता मेकॅनिकच्या बेताकडे वळू. बीएमएस बाजूला काढून ५४.६ व्होल्टचा चार्जर थेट पेटीला लावला, आणि समजा १३ पैकी दोन गट आतून शॉर्ट होऊन शून्यावरच बसलेत. चार्जरला हे कळायला मार्ग नाही. तो ५४.६ भरेपर्यंत करंट ढकलत राहणार. ते ५४.६ आता ११ गटांत वाटले जाणार, म्हणजे गटामागे ४.९६ व्होल्ट. मर्यादा ४.२ ची आहे. जे ११ गट कदाचित बरे होते, तेही असे ताणले जातात. एकच गट गेलेला असला तरी बाकीच्या १२ च्या वाट्याला ४.५५ येतात, तेही जीवघेणंच आहे. एरवी बीएमएस प्रत्येक गटावर नजर ठेवून पहिला गट ४.२ च्या वर जायला लागला की चार्जिंग तोडतो. नेमका तोच पहारेकरी आपण काढून ठेवलेला असतो. हे गणित त्या मेकॅनिकला दाखवा. हुशार माणूस असेल तर त्याला एका मिनिटात पटेल.

मला हे पुस्तकातून आधी कळलं नाही. साधारण बारा वर्षांपूर्वी एका लेथवाल्या मित्राचं बॅटरीचं ड्रिल मशीन माझ्याकडे आलं. पाच सेलचा पॅक, वर्षभर कपाटात पडलेला. चार सेल २.४ च्या आसपास होते, पाचवा ०.९. मी त्या पाचव्याला वेगळा काढून अगदी हळू, १०० मिलिअँपिअरनं करंट दिला. अर्ध्या तासात ३ व्होल्ट आले. मग सगळा पॅक भरला, पाचही सेल ४.१५ वर. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज मीटर लावला तर चार सेल ४.१४ आणि पाचवा ३.९२. काही जोडलेलं नसताना, नुसता टेबलावर ठेवलेला असताना, रात्रीत त्याचा पाव व्होल्ट गेला होता. तो आकडा मी बघितला आणि सोडून दिला. तीन आठवड्यांनी मित्राचा फोन आला. रात्री चार्जिंगला लावून घरी गेला, सकाळी येऊन बघतो तर पॅकचं प्लास्टिक वितळून टेबलावर पसरलेलं, लाकडात बोटभर खोल काळा खड्डा, शेडभर आंबूस उग्र वास. पत्र्याची शेड होती आणि रात्री आत कुणी झोपत नव्हतं. मी त्याची भरपाई केली, पण ते ३.९२ माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. सेल मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

ड्रिलच्या पॅकमध्ये पाच सेल होते. तुमच्या पेटीत त्याच्या कितीतरी पट भार आहे, आणि ती लागणार घरात, बहुतेक रात्री, माणसं झोपलेली असताना.

दाजींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मुळात खोटं नाही, ते दुसऱ्या बॅटरीचं आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या, जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, दाढीच्या मशीनमध्ये. त्यांना पूर्ण उतरवून मग भरायची पद्धत होती आणि त्यांना ती मानवत असे. घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड तर उलट, ती कायम भरलेलीच हवी, उतरलेली ठेवली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. लिथियम या दोघींपेक्षा वेगळं. त्याला मधली स्थिती आवडते. दोन-चार महिन्यांतून एकदा डिस्प्लेचा टक्क्यांचा अंदाज सुधारावा म्हणून गाडी खालपर्यंत चालवली तर हरकत नाही, कारण डिस्प्लेचं शून्य आणि सेलचं शून्य यांत बीएमएसनं अंतर राखलेलं असतं. पण शून्यावर आणून महिनोन्महिने ठेवणं हा प्रकार वेगळा.

अशी प्रत्येक पेटी गेलीच, असंही नाही. आतल्या प्रत्येक गटावर मोजून सगळे अडीचच्या वर निघाले असते, तर मी स्वतःच तुम्हाला प्रयत्न करा म्हटलं असतं. तेव्हाही करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणजे तुमच्या पेटीला ३ अँपिअरच्या आत, बीएमएस जागेवर ठेवून, दिवसा, मोकळ्यावर, माणूस समोर बसून. भरल्यावर दोन दिवस नुसती ठेवायची आणि पुन्हा सगळे गट मोजायचे. एकही गट बाकीच्यांपेक्षा जास्त उतरला असेल तर ती पेटी गाडीत घालायची नाही. दोनच्या खाली जाऊन बरेच दिवस राहिलेला सेल मात्र मी चार्ज करत नाही, कुणीही कितीही पैसे देऊ केले तरी. १३ गटांना अडीचप्रमाणे ३२.५ व्होल्ट लागतात. तुमचे १९ आहेत. तिथे हा विषय संपतो.

कुणी म्हणेल, खराब गट तेवढे बदलून देतो. याही वाटेला जाऊ नका. तीन महिने खाली राहिलेल्या पेटीत आज बरा दिसणारा गटही संशयितच आहे. नवे आणि थकलेले सेल एका साखळीत बसवले की थकलेला प्रत्येक वेळी आधी रिकामा होतो आणि आधी भरतो, आणि हीच कहाणी पुन्हा सुरू होते.

राहिला ३७,००० चा प्रश्न. रक्कम लहान नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरचं तोंडी उत्तर धरून बसू नका. वॉरंटी का नाकारतायत ते लेखी मागा. गाडीचं मॅन्युअल काढून बघा, गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर किती चार्ज ठेवा, किती दिवसांनी तपासा, हे त्यात लिहिलंय का. लिहिलेलं असेल तर कंपनीची बाजू बळकट आहे, हे मान्य करावं लागेल. नसेल, किंवा विकताना कुणी सांगितलंच नसेल, तर तुमच्याकडे बोलायला जागा आहे. बीएमएसमध्ये नोंदी साठत असतील तर त्याही मागा. एखादा गट मे महिन्यातच बाकीच्यांच्या मागे पडत होता असं निघालं तर दोष फक्त उभं ठेवण्याचा राहत नाही. पेटी बाहेर उघडली गेल्यामुळे तुमची बाजू थोडी दुबळी झाली आहे, ते लपवू नका, सरळ सांगा. ऐकलं नाहीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि कोल्हापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे.

जुनी पेटी भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडणार, आणि काही गटांत अजून भार आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवीन घेताना जुनी परत घ्या आणि तिची किंमत वजा करा, असं ठामपणे म्हणा. तिच्यात तांबं आहे, निकेल आहे, कोबाल्ट असू शकतं. ती फुकटात द्यायची वस्तू नाही.

तोवर त्या पेटीतून फुसफुस आवाज आला, धूर दिसला, गोडसर उग्र वास आला, तर जवळ जाऊ नका. तो धूर विषारी असतो. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. रिकाम्या पेटीला असं होण्याची शक्यता कमी आहे, पण माहीत असलेलं बरं.

आणि दरवर्षीचं सांगतो, कारण पुराच्या धास्तीनं गाड्या उंचावर नेऊन लावणारी शाहूपुरीत, कुंभार गल्लीत, नदीकाठच्या गावांत पुष्कळ घरं आहेत. तुम्ही गाडी आधीच हलवलीत हे अगदी बरोबर केलंत. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी हा आणखी वाईट विषय असतो, तिला तर वाळल्यावरही चार्जर लावायचा नाही. फक्त हलवताना चार्जिंग ५०-६० टक्के करून न्यायचं. पूर्ण १०० टक्के भरून महिनोन्महिने ठेवणंही सेलला मानवत नाही, तो लवकर म्हातारा होतो. तुमच्याच आकड्यांवर, ५० टक्के म्हणजे १५ एएच असते, तर महिन्याला पावणेतीन एएचच्या हिशेबानं दसऱ्यालाही थोडं शिल्लक राहिलं असतं. विमानानं सुटे लिथियम सेल पाठवतात तेव्हाही ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले नसावेत असा नियम आहे, पण ते प्रवासाच्या काही दिवसांसाठी. आपल्याला चार महिने काढायचे असतात, म्हणून ५०-६०.

बऱ्याच गाड्यांना सीटखाली किंवा पेटीजवळ एमसीबी असतो, घरच्या मीटरबोर्डावर असतो तसाच छोटा खटका. तो खाली केला की ट्रॅकर, डिस्प्ले यांचा घोट घोट पिणं थांबतं, फक्त बीएमएसचं उरतं. तुमच्या गाडीला आहे का ते मुलाला विचारा, त्याला नक्की माहीत असेल.

नवीन बॅटरी बसवली आणि दिवाळी करून मुलगा पुण्याला परत निघाला, की त्याच्याच हातानं चार्जिंग बघून तो खटका खाली करून घ्या. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला भावानं खटका वर करायचा, टक्के बघायचे, ३० च्या खाली असतील तर तासभर चार्जर लावून पन्नाशीपर्यंत आणायचे आणि खटका पुन्हा खाली. भावाच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा गजर तुम्हीच लावून द्या.